घर कोणी दिले?

(कुंभारी, ता. दक्षिण सोलापूर येथे नागरिकांसमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



सोलापूर शहर मागे टाकून अक्कलकोटच्या रस्त्याला लागले की थोड्याच अंतरावर कुंभारी येते. एकेकाळी कोरडवाहू शेतीचे हे साधे गाव. आज या गावाचे नाव देशाच्या राजधानीतील कागदपत्रांत दोनदा ठळकपणे नोंदले गेले आहे. २००६ साली तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते येथील गोदूताई परुळेकर वसाहतीतील दहा हजार विडी कामगारांच्या घरांचे लोकार्पण झाले. १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी रे नगर वसाहतीतील पंधरा हजार घरे कष्टकऱ्यांच्या स्वाधीन करण्यासाठी याच कुंभारीत आले. दोन पंतप्रधान, दोन पक्ष, दोन विचारसरणी. आणि गाव मात्र एकच.

अशा वेळी एक प्रश्न सहज विचारला जातो : घर कोणी दिले? कोणी म्हणेल, मनमोहन सिंगांनी. कोणी म्हणेल, मोदींनी. कोणी आडम मास्तरांचे नाव घेईल, कोणी मंत्र्याचे, कोणी आमदाराचे. प्रत्येक उत्तरात थोडे सत्य आहे. परंतु ज्या देशात प्रजा हीच राजा आहे, त्या देशात हा प्रश्न इतक्यावर सोडून चालत नाही. आजच्या विवेचनाचा विषय देशाचे मंत्रिमंडळ आणि कार्यपालिका हा आहे. दिल्लीतील त्या मोठ्या यंत्रणेचा अर्थ कुंभारीच्या एका घराच्या किल्लीत जितका स्पष्ट दिसतो, तितका तो पुस्तकात क्वचितच दिसतो.

किल्लीमागचा प्रवास

प्रथम घराचा हिशोब पाहू. गोदूताई परुळेकर वसाहतीच्या मुळाशी श्रम मंत्रालयाची विडी कामगारांसाठीची गृहनिर्माण योजना आहे. १९७६ साली संसदेने विडी कामगार कल्याण निधीचा कायदा केला आणि त्याच वर्षी विड्यांवर उपकर बसविणारा कायदाही केला. कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या हजार विड्यांमागे ठरावीक रक्कम सरकारजमा होऊ लागली आणि तिच्यातून कामगारांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या व घरे यांची सोय झाली. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि हा उपकर रद्द झाला. परंतु ज्या काळात तो होता, त्या काळात सोलापूरच्या घराघरांतील भगिनी सूप मांडीवर घेऊन पाने कातरत होत्या आणि त्यांनी वळलेल्या प्रत्येक हजारामागे त्यांच्याच कल्याणाचा पैसा तिजोरीत पडत होता. त्या घरात केंद्राचा वाटा होता, राज्याचा होता आणि कामगाराच्या पदरचाही होता. मग ते दान कसे म्हणावे?

रे नगरचा हिशोब आणखी स्पष्ट आहे. ९ जानेवारी २०१९ रोजी सोलापुरात तीस हजार घरांच्या या प्रकल्पाची पायाभरणी झाली. त्या वेळी सांगितलेला एकूण खर्च सुमारे १८११ कोटी रुपये होता आणि त्यात केंद्र व राज्य यांचे मिळून साहाय्य ७५० कोटी रुपये. प्रधानमंत्री आवास योजनेच्या नियमाप्रमाणे प्रत्येक घरामागे केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख. तीस हजारांना अडीच लाखांनी गुणले की बरोबर ७५० कोटी होतात. उरलेले हजार कोटींहून अधिक रुपये कोणाचे? ते यंत्रमागावर उभ्या राहणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या, विड्या वळणाऱ्या, रिक्षा चालविणाऱ्या माणसांचे. त्यांची बचत आणि त्यांनी डोक्यावर घेतलेले कर्ज यांतून ती रक्कम उभी राहायची होती.

आता सरकारी मदतीचा मार्ग पाहा. १७ जून २०१५ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने या योजनेस मान्यता दिली. २५ जून २०१५ रोजी ती सुरू झाली. प्रकल्पाचा प्रस्ताव राज्याच्या समितीपुढे जातो. राज्याच्या शिफारशीनंतर तो केंद्रीय मंत्रालयाच्या सचिवांच्या अध्यक्षतेखालील मंजुरी समितीपुढे येतो. मंजुरीनंतरही पैसा एकरकमी मिळत नाही. चाळीस, चाळीस आणि वीस टक्के अशा तीन हप्त्यांत तो येतो आणि आधीच्या हप्त्याचा हिशोब दिल्यावाचून पुढचा हप्ता सुटत नाही. या पैशाची तरतूद अर्थसंकल्पात असते, अर्थसंकल्पाला लोकसभेची मान्यता लागते आणि झालेल्या खर्चाची तपासणी महालेखापरीक्षक करतात.

म्हणजे ज्या किल्लीचा फोटो वर्तमानपत्रात येतो, तिच्यामागे मंत्रिमंडळ आहे, संसद आहे, सचिवांपासून कारकुनापर्यंत पसरलेले प्रशासन आहे, राज्य शासन आहे आणि स्वतः कामगार आहे. या सगळ्या साखळीला घटनेत एक नाव आहे. घटनेच्या त्रेपन्नाव्या अनुच्छेदाने संघराज्याची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या ठायी ठेवली आहे. चौऱ्याहत्तराव्या अनुच्छेदाने त्यांना साहाय्य व सल्ला देण्यासाठी मंत्रिपरिषद दिली आहे. सत्त्याहत्तराव्या अनुच्छेदाप्रमाणे भारत सरकारची प्रत्येक कार्यकारी कृती राष्ट्रपतींच्या नावाने होते. पंतप्रधान किंवा मंत्री यांच्या वैयक्तिक नावाने सरकार एक वीटही रचत नाही. मंत्र्याची सही ही त्याची नसते. ती त्या आसनाची असते आणि ते आसन देशाचे असते.

उत्तर न देणारी सत्ता

सोलापूरकरांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये. उत्तर देण्यास बांधलेली नसलेली कार्यपालिका कशी असते, हे या शहराने अंगावर सोसले आहे. मे १९३० मध्ये सोलापूरच्या जनतेने परकीय सत्तेला काही दिवस शहरातून जणू हद्दपार केले. त्याची शिक्षा म्हणून येथे मार्शल लॉ पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चार सोलापूरकरांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या कारागृहात फाशी देण्यात आले. त्या वेळीही देशात सरकार होते. व्हाइसरॉयचे कार्यकारी मंडळ होते, त्यात सदस्य होते, खाती होती, सचिव होते, फायली होत्या. फक्त एक गोष्ट नव्हती. ते सरकार सोलापूरच्या माणसाला उत्तर देण्यास बांधलेले नव्हते. त्याचा जबाब घेणारे लोक हजारो कोसांवर लंडनमध्ये बसलेले होते.

स्वातंत्र्याने खुर्च्यांवरची माणसे बदलली, एवढाच त्याचा अर्थ नाही. स्वातंत्र्याने उत्तर मागणारा बदलला. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देशाचे पहिले मंत्रिमंडळ शपथबद्ध झाले, तेव्हा पंतप्रधान धरून त्यात चौदा जण होते. त्यांत सरदार पटेल होते, त्याचप्रमाणे काँग्रेसबाहेरचे डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी व डॉ. बाबासाहेब आंबेडकरही होते. बाबासाहेब आणि काकासाहेब गाडगीळ हे त्यातील दोन मराठी मंत्री. पक्षांच्या भिंतींपेक्षा राष्ट्र मोठे आहे, ही त्या मंडळाची मूळ कल्पना होती.

आपल्या मातीला ही कल्पना नवी नव्हती. ६ जून १६७४ रोजी छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला तेव्हा अष्टप्रधानांची खाती निश्चित झालेली होती. अमात्याने जमाखर्च पाहावा, सचिवाने कागदपत्रे तपासावीत, सुमंताने परराज्यांशी व्यवहार करावा, न्यायाधीशाने न्याय करावा, अशी प्रत्येकाची सीमा आखलेली होती. प्रधानांना वेतन रोख मिळे आणि पद बापाकडून मुलाकडे जाईल, असा नियम नव्हता. पुढे ती पदे घराण्यांत स्थिरावली, वतने झाली आणि राज्याच्या कामापेक्षा घराण्याचा मान मोठा ठरू लागला. परिणाम इतिहासाने पाहिला. पद ही जबाबदारी राहते तोवर ते राज्याला बळ देते. पद ही मालमत्ता झाली की तेच राज्याला पोखरते.

मंत्रिमंडळ म्हणजे एकत्र बसणे

सामान्य बोलण्यात मंत्रिपरिषद आणि मंत्रिमंडळ हे शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. त्यांत भेद आहे. कॅबिनेट मंत्री, स्वतंत्र कार्यभार असलेले राज्यमंत्री आणि इतर राज्यमंत्री या सर्वांची मिळून मंत्रिपरिषद होते. धोरणाचे मोठे निर्णय जे मोजके ज्येष्ठ मंत्री पंतप्रधानांसह एकत्र बसून घेतात, ते मंत्रिमंडळ. मंत्रिपरिषद किती मोठी असावी, याला पूर्वी मर्यादा नव्हती. अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारच्या काळात २००३ साली एक्याण्णवावी घटनादुरुस्ती झाली आणि लोकसभेच्या सदस्यसंख्येच्या पंधरा टक्क्यांहून अधिक मंत्री नेमण्यास बंदी आली. लोकसभेच्या ५४३ जागा धरल्या तर पंतप्रधानांसह ८१ ही कमाल मर्यादा होते. मंत्रिपद हे आमदार-खासदारांना सांभाळण्याचे बक्षीस नव्हे, हे घटनेने असे आकड्यात सांगितले. राज्यांनाही हाच दंडक लागू झाला.

परंतु संख्येपेक्षाही महत्त्वाची गोष्ट म्हणजे एकत्र बसून विचार करणे. या बाबतीत एका मराठी माणसाचे स्मरण केले पाहिजे. रायगडाच्या परिसरातील नाते या गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख १९५० पासून देशाचे अर्थमंत्री होते. १९५६ साली मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी काढून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला. देशमुखांनी राजीनामा दिला. मुंबईसाठी त्यांनी पद सोडले, हे महाराष्ट्राला ठाऊक आहे आणि त्याचा अभिमानही आहे. पण लोकसभेतील निवेदनात त्यांनी मांडलेला दुसरा आक्षेप तितकाच मोलाचा होता. एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळाला विचारात न घेता जाहीर झाला, अशी त्यांची तक्रार होती. मंत्र्यांना विश्वासात न घेता सरकार चालू लागले तर मंत्रिमंडळ नावापुरते उरते, हे त्या विद्वान माणसाने खुर्ची सोडून सांगितले.

ते ऐकले गेले असते तर! एकोणीस वर्षांनी, २५ जून १९७५ च्या रात्री, पंतप्रधानांच्या सल्ल्यावरून राष्ट्रपतींनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. मंत्रिमंडळाची बैठक झाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. सही आधी, विचारविनिमय नंतर. ज्या मंडळाने देशाच्या वतीने प्रश्न विचारायचे, ते झालेल्या गोष्टीला मान डोलावण्यासाठी बसले. यशवंतराव चव्हाणांसारखे अनुभवी, मुत्सद्दी नेते परराष्ट्रमंत्री म्हणून त्या सरकारात होते. तरीही ती रात्र टळली नाही. येरवडा आणि नाशिक रोडच्या कारागृहांत महिनोन् महिने काढलेली माणसे महाराष्ट्रातील कितीतरी घरांत होती. एका बैठकीच्या अभावी घराघरांत काय घडू शकते, हे त्या कुटुंबांना ठाऊक आहे.

म्हणूनच १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने एक छोटा पण फार मोलाचा बदल केला. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळविला गेल्याशिवाय राष्ट्रपतींनी आणीबाणीची घोषणा करू नये, असे तीनशे बावन्नाव्या अनुच्छेदात घातले गेले. तोवर आपल्या राज्यघटनेत मंत्रिपरिषद हा शब्द होता. ‘कॅबिनेट’ हा शब्द नव्हता. आणीबाणीच्या जखमेतून तो घटनेत आला. एका व्यक्तीच्या इच्छेला अनेकांच्या लेखी संमतीचे कुंपण घालणे, हा त्याचा अर्थ.

येथे एक गोष्ट पक्षभेद बाजूला ठेवून सांगितली पाहिजे. सरकारी कामकाजाचे जे नियम १९६१ साली झाले, त्यांतील बारावा नियम तातडीच्या प्रसंगी पंतप्रधानांना नेहमीच्या पद्धतीतून सूट देण्याची मुभा देतो आणि मंत्रिमंडळाची मान्यता नंतर घेता येते. २३ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे महाराष्ट्रातील राष्ट्रपती राजवट उठविताना हाच नियम वापरला गेला. अधिकार होता, नियम होता, त्यामुळे कायद्याचा भंग झाला असे म्हणता येत नाही. तीन दिवसांत ते सरकार राजीनामा देऊन पायउतार झाले. जे लोक १९७५ च्या रात्रीला विसरू इच्छित नाहीत, त्यांनी तातडीच्या नियमाचा उपयोग किती जपून करावा, याचा विचार अधिक कसोशीने करावयास हवा. आपल्या माणसाच्या हातातली सवलत योग्य आणि दुसऱ्याच्या हातातली घातक, असे मोजमाप राष्ट्राच्या कामी येत नाही.

खुर्ची सोडणे आणि खुर्चीवर असणे

घटनेने लोकसभेला जबाबदार ठरविली आहे ती सबंध मंत्रिपरिषद. याला सामूहिक उत्तरदायित्व म्हणतात. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार केवळ एका मताने पडले. एका मताने पंतप्रधानांबरोबर सगळे मंत्री गेले. कोणी असे म्हणू शकला नाही की, माझे खाते उत्तम चालले होते, मी राहतो. त्यानंतर निवडणुका होईपर्यंत काळजीवाहू म्हणून राहिलेल्या त्याच सरकारला कारगिलच्या युद्धाला तोंड द्यावे लागले. बहुमत गेलेले सरकारही कर्तव्यातून मुक्त होत नाही, हे त्या उन्हाळ्यात देशाने पाहिले.

याखेरीज एक दुसरे उत्तरदायित्व असते. ते घटनेच्या कलमात सापडत नाही; ते मंत्र्याच्या मनात असावे लागते. पूर्व बंगालमधील हिंदूंच्या प्रश्नावर नेहरू-लियाकत करार पटला नाही म्हणून डॉ. मुखर्जी एप्रिल १९५० मध्ये मंत्रिमंडळातून बाहेर पडले. हिंदू कोड बिलाची गती खुंटली, इतरही मतभेद होते, म्हणून डॉ. आंबेडकरांनी १९५१ साली राजीनामा दिला. दोघांचे मार्ग वेगळे, पण दंडक एकच : सरकारात राहायचे तर सरकारचा निर्णय आपला मानायचा आणि मानता येत नसेल तर बाहेर येऊन लोकांना कारण सांगायचे. १९५६ च्या नोव्हेंबरात अरियालूरच्या भीषण रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी रेल्वेमंत्रिपद सोडले. गाडी शास्त्रीजी चालवीत नव्हते. परंतु त्या खात्याच्या कारभाराचे उत्तर देणारा माणूस ते होते.

सोलापूरला या बाबतीत आपल्याच सुपुत्राचे उदाहरण आठवेल. सुशीलकुमार शिंदे यांचा प्रवास विलक्षण आहे. सोलापूरच्या न्यायालयात शिपायाची नोकरी, मग पोलीस उपनिरीक्षक, पुढे राज्याचे मुख्यमंत्री, राज्यपाल, केंद्रीय ऊर्जामंत्री आणि अखेर देशाचे गृहमंत्री. ज्या व्यवस्थेत उपनिरीक्षक राहिलेला माणूस देशाच्या सर्व पोलीस यंत्रणेच्या शिखरावर बसू शकतो, तिचे सामर्थ्य कमी लेखता येणार नाही. पण त्याच प्रवासातील एक दिवस विचार करायला लावतो. ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी उत्तरेची, आणि दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर पूर्वेची व ईशान्येची, विजेची जाळी कोसळली. देशाचा मोठा भाग अंधारात गेला. त्याच ३१ जुलैला ऊर्जामंत्री शिंदे यांना बढती मिळून ते गृहमंत्री झाले. वीज कोसळण्याला अनेक कारणे होती, काही राज्यांनी वाट्याहून अधिक वीज उचलणे हेही त्यांत होते. दोष एकट्या मंत्र्यावर टाकणे अन्याय्य ठरेल. तथापि देश अंधारात असताना त्या खात्याच्या मंत्र्याला वरचे पद देण्याचा निर्णय ज्यांनी घेतला, त्यांनी शास्त्रीजींची परंपरा आठवायला हवी होती.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये चार-पाच दिवसांच्या अंतराने उत्तर प्रदेशात दोन गाड्या रुळांवरून घसरल्या. रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून पंतप्रधानांपुढे पद सोडण्याची तयारी दर्शविली आणि सप्टेंबरच्या आरंभी ते खाते दुसऱ्याकडे गेले. प्रभूंना पुढे दुसरे खाते मिळाले, म्हणून कोणी त्याला अपूर्ण म्हणेल. परंतु ‘माझ्या खात्यात हे घडले’ एवढे मान्य करणेही आजच्या काळात दुर्मीळ झाले आहे, हे विसरता येत नाही.

सरकार जाते, शासन राहते

आता पुन्हा आपल्या जिल्ह्याकडे वळू. रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वीजवाहिनी ३१ डिसेंबर २०१३ रोजी कार्यान्वित झाली आणि दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाशी जोडले गेले. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत देश एका जाळ्यात आला, तो दुवा सोलापूरच्या भूमीवर जुळला. २०१२ च्या अंधाराला शोभेसे उत्तर होते ते. ती वाहिनी कार्यान्वित झाली तेव्हा केंद्रात डॉ. मनमोहन सिंग यांचे सरकार होते. १६ ऑगस्ट २०१४ रोजी सोलापुरात तिचे राष्ट्रार्पण केले ते पंतप्रधान मोदींनी. तारांमधून वाहणाऱ्या विजेला पक्ष नसतो.

कुंभारीचेही तेच. रे नगरचा आग्रह धरणारे माजी आमदार नरसय्या आडम हे कट्टर मार्क्सवादी. ज्या सरकारने घरे मंजूर केली, त्याच्याशी त्यांचे वैचारिक नाते विळ्या-भोपळ्याचे. तरीही प्रस्ताव स्वीकारला गेला, कारण तो कष्टकऱ्यांचा होता. मंत्री शपथ घेतो ती पदाची आणि गोपनीयतेची. भय, पक्षपात, ममत्व वा आकस न बाळगता सर्वांना न्याय देण्याचे वचन त्या शपथेत असते. विरोधकाच्या प्रस्तावावर सही करताना त्या शपथेची खरी परीक्षा होते आणि ती परीक्षा येथे उत्तीर्ण झाली. उलट, २०१९ च्या पायाभरणी समारंभात पंतप्रधान व मुख्यमंत्र्यांची स्तुती केली म्हणून आडम यांना त्यांच्याच पक्षाने मध्यवर्ती समितीतून तीन महिन्यांसाठी निलंबित केले. शासनाने भेद केला नाही. भेद केला तो पक्षाच्या शिस्तीने. असा संकुचितपणा कोणत्याही पक्षात शिरू शकतो, म्हणून त्याची नोंद सर्वांनीच घ्यावी.

एका गोष्टीची प्रामाणिक नोंद येथेही हवी. ‘सर्वांसाठी घरे’ हा संकल्प मुळात २०२२ पर्यंतचा होता. त्या मुदतीत काम पुरे झाले नाही, म्हणून ऑगस्ट २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने योजनेची मुदत २०२४ अखेरपर्यंत वाढविली. तीस हजारांपैकी पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. जे झाले त्याबद्दल समाधान मानावे आणि जे राहिले त्याचे उत्तर मागावे, ही दोन्ही कर्तव्ये एकाच नागरिकाची आहेत. एक केले म्हणजे दुसरे करू नये, असे कोणी सांगितले?

नागरिकाचा वाटा

उत्तर मागायचे तर कोणाकडे, हे आधी कळले पाहिजे. घराचे केंद्रीय अनुदान हा गृहनिर्माण व नागरी व्यवहार मंत्रालयाचा विषय. राज्याचा हप्ता मुंबईच्या मंत्रालयाचा. जमिनीचा उतारा तहसील कचेरीचा. गावातील दिवाबत्ती आणि गटार यांसाठी ग्रामपंचायतीचे दार आहे. प्रत्येक गोष्टीसाठी दिल्लीच्या नावाने बोटे मोडणे जितके चूक, तितकेच प्रत्येक गोष्टीसाठी एखाद्या नेत्याच्या बंगल्यापुढे उभे राहणेही चूक. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने साध्या कागदावरच्या अर्जाला बळ दिले आहे. आपल्या खासदाराला पत्र लिहून लोकसभेत प्रश्न विचारावयास सांगणे, हाही नागरिकाचा मार्ग आहे. मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावे लागते आणि ते उत्तर नोंदले जाते.

याचना आणि मागणी यांत अंतर आहे. याचक हात जोडतो, मिळाले तर पाया पडतो, नाही मिळाले तर नशिबाला दोष देतो. नागरिक कागद ठेवतो, तारीख लिहितो, पोच घेतो आणि पुढच्या महिन्यात पुन्हा जाऊन विचारतो. समाजात काम करणाऱ्या कार्यकर्त्याने वस्तीत जाऊन हेच शिकवावे. एखाद्या भगिनीला अर्ज लिहावयास मदत करणे, एखाद्या वृद्धाला योग्य खिडकीपर्यंत पोहोचविणे, हप्ता का थांबला याची लेखी विचारणा करणे, ही कामे भाषणांपेक्षा मोठी आहेत. त्यांचा फोटो निघत नाही, त्यांतून पदही मिळत नाही. परंतु राष्ट्रकार्य म्हणतात ते यालाच.

आणि एक विनंती घरातील वडीलधाऱ्यांना. मुलांना मंत्र्यांची नावे पाठ करून घेतली जातात, कारण परीक्षेत प्रश्न येतो. त्या नावांबरोबर एवढेही सांगावे की, कोणत्या मंत्र्याने कोणत्या कारणासाठी खुर्ची सोडली. चिंतामणराव देशमुख, श्यामाप्रसाद मुखर्जी, बाबासाहेब आंबेडकर, लालबहादूर शास्त्री. खुर्चीवर बसलेल्यांची यादी दर पाच वर्षांनी बदलते. तत्त्वासाठी उठून गेलेल्यांची यादी लहान आहे आणि ती बदलत नाही.

तेव्हा, आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. कुंभारीतले घर कोणी दिले? ते विड्या वळणाऱ्या हातांनी दिले, करांचा पैसा भरणाऱ्या कोट्यवधी देशबांधवांनी दिले, संसदेने संमत केले, मंत्रिमंडळाने मंजूर केले, प्रशासनाने पोहोचविले. ज्या पंतप्रधानांच्या हस्ते किल्ली मिळाली, ते त्या क्षणी या सर्वांचे प्रतिनिधी होते. त्यांना नमस्कार जरूर करावा. तो आपला संस्कार आहे. पण नमस्कार करून झाल्यावर मान वर करून प्रश्नही विचारावा. चार हुतात्म्यांनी सोलापूरकरांना मिळवून दिलेला हक्क तोच आहे.

भारत माता की जय!